शिंकिंग

कामाला निघताना कुणी शिंकलं तर भिमाजीची आई, आक्काबाई, त्याला उंबऱ्याच्या आत परत घ्यायची. हातावर गुळाचा खडा ठेवायची, दोन घोट पाणी पाजायची आणि मगच सोडायची. अशा घरातल्या माणसानं रोज संध्याकाळी नदीवरून येऊन ओट्यावर बसावं आणि छाती फुगवून सांगावं, "आई, आज शिंकिंग झालं!" म्हणजे म्हातारीचं डोकं फिरायचंच.

"मुडद्या, कामावं शिंकून आलास आन् वर तोंड करून सांगतुयास?"

"शिंक न्हाई गं, शिंकिंग. विंग्रजी हाय त्ये."

"विंग्रजांचं नाक येगळं असतंय व्हय?"

आतून भिमाजीची बायको छबूबाई भाकरी थापता थापता हसायची. तिचं हसू बांगड्यांच्या आवाजात मिसळून बाहेर यायचं आणि भिमाजी आणखी चढायचा.

शब्द होता सिंकिंग. कामावरचे इंजिनियर आपटेसाहेब तो नीट म्हणायचे, पण पवना नदीच्या काठाला लागला आणि त्याचं शिंकिंग झालं. त्या वर्षांत पिंपरीच्या माळावर औषधाचा सरकारी कारखाना उभा राहत होता. सुईतून टोचायचं औषध इथंच तयार होणार, मेलेला माणूस उठून बसणार, असं लोक एकमेकांना छातीठोक सांगत. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! कारखान्यामागून रस्ते आले आणि एका रस्त्यासाठी पिंपळे सौदागरच्या अलीकडे नदीवर पूल घालायचं ठरलं. ते काम एका ठेकेदारानं घेतलं आणि त्याला माणसं हवी होती ती पाण्याला आणि खोलीला न भिणारी.

भिमाजीनं पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरी खणल्या होत्या. कातळ, मुरूम, गाळ यांशी त्याची जन्माची ओळख. पण पुलाची विहीर पाहून त्यानं तोंडात बोट घातलं. आपली विहीर आधी खणायची आणि मग खालून वर बांधत यायचं. इथं सगळा उलटा कारभार. वाळूवर लोखंडाचं भलंमोठं कडं ठेवायचं, त्या कड्यावर गोल भिंत बांधायची आणि माणसांनी आत उतरून पायाखालची वाळू काढायची. वाळू निघाली की बांधलेली भिंत आपल्याच वजनानं खाली बसते. पुन्हा वर बांधायचं, पुन्हा खाली उकरायचं. असं करत करत सगळी भिंत नदीच्या पोटात कातळाला जाऊन टेकली की तिच्यावर पुलाचा खांब. हे जे भिंतीचं खाली जाणं, त्याला साहेब सिंकिंग म्हणायचे.

काठावर बघायला जमलेली माणसं चक्रावून जात. इतकी मेहनत करून बांधलेलं डोळ्यांदेखत बुडतंय आणि ही मंडळी नारळ फोडतायत! आक्काबाई एकदा भाकरी घेऊन आली तेव्हा तिनं हा प्रकार पाहिला आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "बुडाल्यावं रडायचं का हसायचं, तेवढं एकदा ठरवा बाबांनू."

पण कामावर ते ठरलेलंच होतं. रोज दिवस कलला की आपटेसाहेब काठावर यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "भिमाजी, सिंकिंग?" झालं असलं की भिमाजी विहिरीच्या तोंडातून चिखलानं माखलेलं डोकं वर काढून ओरडायचा, "शिंकिंग झालं, सायेब!" चांगलं सरसर झालं असलं तर, "फास्ट शिंकिंग!" मग मुकादम अर्जुनराव गूळखोबरं वाटायचा. विहीर अडून बसली की सगळ्यांची तोंडं उतरायची. अडलेल्या विहिरीपुढं कुणाचं काही चालत नाही. वर वजन लादायचं आणि वाट बघायची, एवढंच माणसाच्या हातात.

भिमाजीला त्या शब्दानं वेड लावलं. शाळेचं तोंड न पाहिलेला गडी, त्याला पहिल्यांदाच एक इंग्रजी शब्द साहेबाइतका कळत होता. नवा कोट मिळालेल्या पोरासारखं त्यानं तो शब्द जागेपणी अंगावरून काढलाच नाही. जात्यातलं दळण संपलं की शिंकिंग झालं. लहानगी पोरगी अंबू भाकरीचा शेवटचा तुकडा गिळायची की शिंकिंग झालं. म्हातारीला झोप लागली की शिंकिंग. छबूबाई त्याला म्हणायची, "अवं, तुमच्या शिंकिंगला सुंठीचा काढा द्येऊ का?" पण हळूहळू तिच्याही तोंडी तो बसला. नवरा उशिरा आला की ती दारातूनच विचारायची, "आज झालं का न्हाई?" आणि झालं असलं की तिचा चेहरा साहेबापेक्षा जास्त फुलायचा. तिनं पूल कधी पाहिला नव्हता, पूल बघायची तिला हौसही नव्हती. नवरा खूश असतो तो शब्द चांगला, एवढंच तिचं व्याकरण.

माघाच्या थंडीत दोन गोष्टी एकदमच अडल्या. नदीच्या मधली विहीर तिरकी होऊन बसली ती हलेना. आणि छबूबाईला ताप भरला तो उतरेना.

पहिले काही दिवस कुणी मनावर घेतलं नाही. ताप काय, येतो आणि जातो. गावच्या वैदूनं काढा दिला, शेजारच्या गोजाबाईनं दृष्ट काढली, आक्काबाई देहूला जाऊन अंगारा घेऊन आली. छबूबाई काढा पिऊन म्हणायची, "आज बरं वाटतंय," आणि दुपारी पुन्हा अंग भट्टीसारखं तापायचं. भिमाजी दिवसभर अडलेल्या विहिरीच्या तळाशी उकरायचा आणि घरी येऊन बायकोच्या उशाशी बसायचा. दोन्हीकडे त्याच्या हातांना काही गवसत नव्हतं. ती भ्रमात बोलायला लागली तेव्हा मात्र त्यानं धावत जाऊन आपटेसाहेबांचे पाय धरले. साहेबांनी कामावरची जीप दिली आणि छबूबाईला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

"मुदतीचा ताप," तिथं म्हणाले. "फार उशीर केलात."

फार उशीर केलात, हे दवाखान्यातलं ठरलेलं वाक्य. खेड्यातल्या माणसानं लवकर कधी यायचं असतं, ते मात्र त्याला कुणी आधी सांगत नाही.

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना भेटीच्या वेळेपुरतंच सोडायचे. स्ट्रेचरवरून आत जाताना छबूबाईनं त्याच्या कोपरीची बाही घट्ट धरली होती. "मला हितं एकटीला टाकून जाऊ नगा."

"हलणार न्हाई," भिमाजी म्हणाला. "दाराशीच बसतो."

आणि तो खरंच बसला. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात, दाराच्या कडेला, घोंगडी टाकून. जेवायचा तिथं, झोपायचा तिथं. झाडूवाली उठवायची, तो उठायचा, तिनं झाडलं की पुन्हा बसायचा. आतून औषधांचा उग्र वास यायचा. कुणी कण्हलं की हे छबूचं की दुसऱ्या कुणाचं, याचा तो कान देऊन अदमास घ्यायचा. कातळ फोडणारे हात मांडीवर ठेवून नुसतं बसायचं. एवढं अवघड काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कोटाला तो हात जोडायचा. कुणी मान हलवायचं, कुणी तीही नाही.

एका सकाळी मोठे डॉक्टर आले. मागं शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, बरोबर इंदुताई नावाच्या सिस्टर. छबूबाईची खाट दाराजवळच होती. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पापणी वर करून पाहिली, पोटावर हात ठेवला. मग ते त्या पोरांशी इंग्रजीत बोलायला लागले. भिमाजी दारात उभा राहून ऐकत होता. ऐकत कसला, नदीच्या लोंढ्याकडं बघावं तसा बघत होता. आणि त्या लोंढ्यातून अचानक त्याच्या ओळखीचं काहीतरी वाहत आलं.

"सिंकिंग," डॉक्टर म्हणाले. मग मान हलवून पुन्हा, "सिंकिंग फास्ट."

भिमाजीनं दाराची चौकट घट्ट धरली. इतक्या दिवसांत दवाखान्यातलं एक अक्षर त्याला कळलं नव्हतं, आणि कळलं ते हे! कुणाला विचारायची गरजच नव्हती. शिंकिंग फास्ट. अडलेलं सुटलं. त्यानं तिथल्या तिथं पांडुरंगाला हात जोडले. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी, दुसरं काय!

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले तशा इंदुताई बाहेर आल्या. "ऐकलंत ना, डॉक्टर काय म्हणाले ते?"

"ऐकलं, बाई."

"समजलं तुम्हाला?"

"न समजाया काय झालं? आमच्या कामातलाच शबुद हाय त्यो."

इंदुताई त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. ही बातमी ऐकून भिंतीवर डोकं आपटणारे नवरे त्यांनी पाहिले होते, खाली कोसळणारे पाहिले होते. हा माणूस चक्क हसत होता. त्यांची नजर त्याच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेली. देहूकडची माळकरी माणसं, यांचं सगळं देवावर, असं त्यांना वाटलं. पुढं त्यांनीच तसं सांगितलं. सांगायचं अवघड काम आपोआप टळलं म्हणून त्यांना सुटल्यासारखंही झालं असेल, त्याही माणूसच.

"मग घरच्यांना बोलावून घ्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "भेटून जाऊ देत. आणि तुम्ही आत जा, बसा त्यांच्यापाशी. वेळेचं मी बघते."

वेळ नसताना आत सोडतायत! भिमाजीची खात्री दुप्पट झाली.

छबूबाई डोळे मिटून पडली होती. ओठ सुकून फुटले होते, पण आज अंग गार होतं. त्यानं हात लावून पाहिला आणि ताप उतरलेला बघून तो आणखी हरखला. "छबू, आगं छबू, आयकलंस का?"

तिनं डोळे उघडले. "काय म्हनलं डाक्टर?"

"शिंकिंग म्हनला!"

"शिंकिंग?"

"आन् फास्ट! म्या सोता ह्या कानांनी आयकलं."

तिच्या तोंडावर हसू पसरायला वेळ लागला, पण पसरलं. "विंग्रजांचं नाक," ती पुटपुटली आणि दोघंही हसले. हसताना तिला धाप लागली. मग तिनं त्याच्या बोटांना बोटं गुंतवली. "बसा की वाईच माज्याजवळ."

"बसतो की. पर आधी आईला आन् अंबूला घिऊन येतो. बाई म्हनल्यात, घरच्यास्नी बोलवा. आता तुला न्यायचंच बघायचं."

"बसा की," ती पुन्हा म्हणाली.

"आगं, गेलो आन् आलो. त्वा सांगितलंस तवा बसलोच हुतो न्हवं इतके दिस? आता काय भ्याव हाय?"

ती थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मग बोटं सोडली. "या जाऊन," ती म्हणाली.

शिवाजीनगरहून तो गाडीत बसला आणि चिंचवडला उतरला. तिथून गावाची वाट नदीवरूनच. पुलाच्या कामापाशी येतो तर काठावर गलका. अर्जुनरावानं त्याला लांबूनच पाहिलं आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागला. "भिमाजी! सुटली रं! मधली सुटली! शिंकिंग झालं!"

"आमच्या छबूचंबी!" भिमाजी ओरडला.

सगळी माणसं त्याच्याभोवती गोळा झाली. एका दिवसात दोन अडलेल्या गोष्टी सुटल्या! नारळ आणलेलाच होता. मान भिमाजीचा म्हणून तो त्याच्याच हातात दिला. त्यानं नारळावर पाणी सोडलं, नदीला हळदकुंकू वाहिलं, दगडावर नारळ फोडला. वाटी सरळ आणि खोबरं पांढरंशुभ्र निघालं. त्यानं सगळ्यांना वाटलं आणि एक मोठा तुकडा छबूसाठी कोपरीच्या खिशात ठेवला. उशीर होत होता, पण आनंदाला उशीर कळत नाही.

इतक्यात आपटेसाहेब तंबूतून बाहेर आले. "काय भिमाजी, कशी आहे बायको?"

भिमाजी त्यांच्यापुढं वाकला. "फास्ट शिंकिंग, सायेब! मोटं डाक्टर सोता म्हनलं."

साहेबांच्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता. तो त्यांनी तोंडात घातला नाही. "काय म्हणाले? नीट सांग. तोच शब्द?"

"त्योच. तुमीच शिकीवलेला."

साहेब तरुण होते. कड्याच्या एका बाजूला किती वजन टाकलं की विहीर सरळ होते ते त्यांना पाठ होतं. हे कसं सांगायचं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी अर्जुनरावाला जीप काढायला सांगितलं आणि भिमाजीचा दंड धरला. "भिमाजी, दवाखान्यात त्याचा अर्थ वेगळा होतो."

"येगळा कसा? शबुद त्योच की."

"शब्द तोच." साहेबांनी नदीकडं पाहिलं. "पण विहीर खाली जाते तसं नाही, रे. नाव बुडते तसं."

मागं माणसं अजून हसत होती, कुणीतरी शीळ घालत होतं. मग भिमाजीच्या तोंडातून एवढंच आलं, "म्या तिला सांगितलं, सायेब. म्या सोता तिला सांगितलं."

गावातून आक्काबाईला आणि अंबूला घेतलं. म्हातारीला कुणी काही सांगितलं नाही, तिनं लेकाचं तोंड बघितलं आणि तोंडाला पदर लावला. जीप निघाली ती वाटेत रेल्वेच्या फाटकाशी अडली. फाटक बंद. मालगाडी येत होती, हळूहळू, डबा डबा मोजावा अशी. साहेब हॉर्न वाजवत राहिले. हॉर्ननं मालगाडी थोडीच पळते! भिमाजी खाली उतरला आणि फाटकाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. सकाळी याच रुळांवरून तो हसत हसत गावाकडं आला होता. तिनं दोनदा म्हटलं होतं, बसा की.

व्हरांड्यात त्याची घोंगडी तशीच होती. इंदुताई दारातच उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा बघून आक्काबाईनं हंबरडा फोडला. छबूबाईच्या खाटेभोवती पडदा लावला होता.

"कवा?" भिमाजीनं विचारलं.

"आत्ताच. थोडा वेळ झाला असेल." इंदुताईंना त्याच्या डोळ्यांकडं बघवेना. आपटेसाहेबांनी पुढं होऊन त्यांना शब्दाचा घोळ सांगितला, सिंकिंगचा आणि विहिरीचा. ऐकता ऐकता त्यांचा हात तोंडावर गेला. "अहो, मग... म्हणून त्या..."

"काय, बाई?"

"त्या हसत होत्या. मला त्यांचं बोलणं कळेना, ग्लानीत बोलतायत असं वाटलं. म्हणाल्या, माझं शिंकिंग झालंय, मालक नारळ फोडायला गेलेत. मी म्हटलं, येतीलच आता. तर म्हणाल्या, येऊ द्या सावकाश, नारळ फोडल्याबिगर त्यांचा पाय निघत नाही." इंदुताईंनी पडद्याकडं पाहिलं. "पाणी मागितलं. दोन चमचे घेतलं. आणि मग डोळे मिटले."

भिमाजी मागं सरला. हात टेकलेल्या माणसासारखा भिंतीला टेकून उभा होता. मग त्यानं विचारलं, "बाई, तिला कुनी खरं सांगितलं न्हाई न्हवं?"

"नाही हो. कुणीच नाही."

"आसं," तो म्हणाला. "बरं क्येलंत."

पडदा सारून तो आत गेला. खिशातला खोबऱ्याचा तुकडा काढला, कोपरीला पुसला आणि तिच्या मुठीत ठेवला. मूठ मिटेना तेव्हा त्यानं तिची बोटं एकेक करून मिटवली. बाहेर अंबू आजीला विचारत होती, आई झोपलीय का. भिमाजीनं खाटेजवळचं स्टूल ओढलं.

"बसलो, छबू," तो म्हणाला. "ह्यो बघ, बसलो."